तालमीचा आस्वाद : ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ ह्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या निमित्ताने

१

नाटकाच्या पोटात नाटक घालण्याची युक्ती जुनी आहे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात गर्भनाटक योजून रामाला त्याच्याच आयुष्याचा प्रेक्षक केले. शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’मध्ये फिरत्या नटांची मंडळी राजवाड्यात आणली आणि त्यांच्या खेळाकरवी राजाच्या मनातील पाप उघडे पाडले. ह्या दोन्ही ठिकाणी आतले नाटक बाहेरच्या नाटकाचे काम करते. ते काम झाले की त्याचे प्रयोजन संपते. नाटक मंडळीचे जीवन हाच ज्या कलाकृतीचा विषय आहे तिची गोष्ट वेगळी. तेथे आतले नाटक उभे राहते की नाही, ह्यावरच बाहेरच्या नाटकाचे सारे अवलंबून असते. अशी कलाकृती रंगभूमीवर न घडता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर घडत असेल, तर आस्वादाचा एक प्रश्न उपस्थित होतो. ती पाहताना जो आनंद होतो तो नेमका कशाचा? शेक्सपिअरच्या नाटकाचा, तो करणाऱ्या माणसांच्या सुखदुःखांचा, की ह्या दोहोंहून निराळ्या अशा कशाचा?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला केवळ तात्त्विक कुतूहलापोटी पडलेला नाही. अनेक वर्षे ‘हॅम्लेट’ वर्गात शिकविल्यानंतर त्यातील स्वगते लेखकाच्या कानाला इतकी सवयीची झाली होती की ती ऐकू येईनाशी झाली होती. टीपा तोंडपाठ होत्या, पाठभेद ठाऊक होते. शब्द मात्र निजले होते. त्यांना जाग आली ती कॅनडातील एका मालिकेतील काही मिनिटांच्या दृश्यांमुळे. मूळ नाटकाने जे आता होत नव्हते ते नाटकाविषयीच्या गोष्टीने व्हावे, ह्यात मालिकेचा गौरव आहे की अध्यापकाचा अपराध आहे, हे तपासून पाहणे भाग वाटले. प्रस्तुत लेख हा त्या तपासाचा वृत्तान्त होय.

२

‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ ही मालिका कॅनडात २००३, २००५ आणि २००६ ह्या वर्षी तीन पर्वांत प्रक्षेपित झाली. प्रत्येक पर्वाचे सहा भाग. म्हणजे एकूण अठरा. सुझन कॉइन, बॉब मार्टिन आणि मार्क मॅकिनी ह्या तिघांनी ती निर्माण केली व लिहिली. अठराही भागांचे दिग्दर्शन पीटर वेलिंग्टन ह्यांचे आहे. मालिकेचे नाव हॅम्लेटच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगतातून उचललेले आहे. कथा घडते ती न्यू बर्बेज नावाच्या कल्पित गावातील शेक्सपिअर-महोत्सवात. रिचर्ड बर्बेज हा शेक्सपिअरच्या मंडळीतील प्रमुख नट, हॅम्लेट आणि लिअर ह्या भूमिका प्रथम करणारा; तेव्हा नावातच वंशपरंपरेचा दावा आहे.

नाव कल्पित असले तरी मूळ ओळखण्यास श्रम पडत नाहीत. ऑन्टॅरिओ प्रांतात स्ट्रॅटफर्ड नावाचे गाव आहे. रेल्वेची वाफेची इंजिने दुरुस्त करणारे कारखाने हा एके काळी त्याच्या अर्थव्यवस्थेचा आधार होता. तो डळमळू लागला तेव्हा टॉम पॅटर्सन ह्या तेथील पत्रकाराने, गावाचे नाव स्ट्रॅटफर्ड आहे, नदीचे नाव एव्हन आहे, मग येथे शेक्सपिअर का नको, असा वरकरणी विनोदी वाटणारा विचार मांडला. १३ जुलै १९५३ रोजी एका प्रचंड तंबूत टायरोन गथ्री ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘तिसरा रिचर्ड’ ह्या नाटकाने महोत्सवाचा आरंभ झाला. मुख्य भूमिका अ‍ॅलेक गिनेस ह्यांची होती. तान्या मॉइसिविच ह्यांनी रचलेला, प्रेक्षकांत पुढे घुसलेला रंगमंच ही त्या महोत्सवाची ओळख ठरली आणि १९५७ साली तंबूच्या जागी पक्के नाट्यगृह उभे राहिले.

ह्या पार्श्वभूमीचा उल्लेख स्थळमाहिती म्हणून केलेला नाही. मालिकेतील प्रमुख नट ह्याच महोत्सवाच्या तालमीत तयार झालेले आहेत, ही गोष्ट आस्वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दिग्दर्शक जेफ्री टेनंटची भूमिका करणारे पॉल ग्रॉस ह्यांनी २००० साली स्ट्रॅटफर्डला हॅम्लेट केला होता. त्याचा गुरू आणि वैरी ऑलिव्हर वेल्स रंगविणारे स्टीफन वीमेट ह्यांनी तो १९९४ साली केला होता. दुसऱ्या पर्वात जाहिरातवाल्या भामट्याच्या रूपात येणारे कोम फिओर हे १९९१ चे हॅम्लेट. म्हणजे एकाच मालिकेत एकाच महोत्सवातले तीन हॅम्लेट वावरत आहेत, आणि त्यांपैकी एकही येथे हॅम्लेटची भूमिका करीत नाही! ती भूमिका एका तरुण चित्रपटनटाकडे आहे. जे ह्या भूमिकेतून गेले आहेत ते बाजूला उभे राहून, जो जाणार आहे त्याच्याकडे पाहत आहेत, अशी ही रचना आहे. मालिकेच्या साऱ्या दृष्टिकोनाचे बीज ह्या पात्रयोजनेत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

३

कथेचा आरंभ एका घाताने होतो. सात वर्षांपूर्वी न्यू बर्बेजच्या रंगमंचावर हॅम्लेटची भूमिका करीत असताना, ऑफेलियाच्या दफनाच्या प्रवेशात, जेफ्रीचे भान सुटले; तो रंगमंच सोडून निघून गेला आणि पुढे काही काळ मनोरुग्णालयात राहिला. प्रिय मित्र असलेला दिग्दर्शक ऑलिव्हर आणि ऑफेलिया करणारी प्रेयसी एलन ह्या दोघांनी मिळून केलेला विश्वासघात त्याच्या मुळाशी होता. आज तो टोरँटोमध्ये एक दिवाळखोर नाट्यगृह चालवीत आहे. त्याचे नावच मुळी फ्रेंच भाषेत ‘बिनपैशाचे नाट्यगृह’ असे आहे. तेवढ्यात ऑलिव्हर रस्त्यावर, डुकराच्या मांसाची वाहतूक करणाऱ्या मालमोटारीखाली सापडून मरतो, आणि त्याची जागा जेफ्रीला घ्यावी लागते. ऑलिव्हर मात्र जात नाही. तो भूत होऊन जेफ्रीला, आणि त्याला एकट्यालाच, दिसत राहतो. शिवाय आपली कवटी ‘हॅम्लेट’मधील विदूषक यॉरिकच्या कवटीसाठी वापरावी, असे तो मृत्युपत्रात लिहून ठेवतो. वाचकांना ही अतिशयोक्ती वाटू नये. १९८२ साली निधन पावलेले पियानोवादक आंद्रे चायकोव्स्की ह्यांनी आपली कवटी ह्याच कारणासाठी रॉयल शेक्सपिअर कंपनीला दिली होती, आणि २००८ साली ती ‘हॅम्लेट’च्या प्रयोगांत खरोखरच वापरली गेली.

येथवर ऐकून हे प्रहसन आहे असे कोणासही वाटेल. आणि ते प्रहसन आहेही. परंतु तालीमगृहाचे दार लागले की स्वर पालटतो. हॅम्लेट करावयास आलेला जॅक हा अमेरिकन चित्रपटनट लोकप्रिय आहे, सुस्वभावी आहे आणि आतून भेदरलेला आहे. तालमीत तो संहितेतील शब्द उच्चारीतच नाही. त्यांचा आशय आपल्या साध्या बोलीत सांगून वेळ मारून नेतो. मंडळीतील जुनी माणसे हसतात. जेफ्रीच्या मात्र ध्यानात येते की ह्या मुलाला अर्थ कळला आहे. भय आहे ते शब्दांचे. मग तो त्याला सांगतो की एवढी अवाढव्य भूमिका म्हणून हिच्याकडे पाहू नकोस. हिच्यात सहा स्वगते आहेत, ती सांभाळ, बाकीचे आपोआप मागे येईल.

ह्या एका सल्ल्यात मालिकेची आस्वादप्रक्रिया सामावलेली आहे. ‘हॅम्लेट’चा संपूर्ण प्रयोग काही मालिकेत दाखविलेला नाही. आपल्या वाट्याला येतात ती काही स्वगते, काही तुटक प्रवेश, विंगेतून दिसणारा नटाचा पाठमोरा खांदा. तरीही पर्व संपते तेव्हा आपण एक सबंध ‘हॅम्लेट’ पाहिल्याची तृप्ती मनात असते. असे का व्हावे? कारण प्रत्येक शब्द उच्चारला जाण्यापूर्वी तो न उच्चारला जाण्याची शक्यता आपण भोगलेली असते. एरव्ही नाट्यगृहात आपण नट स्वगत म्हणणारच असे गृहीत धरून बसतो. तो चांगले म्हणेल की वाईट, एवढाच प्रश्न असतो. येथे तो म्हणेल की नाही हाच प्रश्न असतो. आणि हॅम्लेट ह्या व्यक्तीचा प्रश्न तरी दुसरा कोणता आहे? कृती करणे भाग आहे हे कळूनही जो कृतीच्या उंबरठ्यावर अडतो त्याची भूमिका, रंगमंचाच्या उंबरठ्यावर अडलेल्या नटाकडे आलेली आहे. नटाचे भय आणि पात्राचे भय ह्यांची सरमिसळ न करता मालिका ती दोन्ही शेजारी ठेवते, आणि मग चारशे वर्षांचे जुने वाक्य कोणी तरी नुकतेच शोधून काढल्यासारखे ऐकू येते.

ह्या दृष्टीने पहिल्या पर्वातील एक छोटा प्रसंग विशेष लक्षणीय आहे. महोत्सवाच्या तिजोरीत भर पडावी म्हणून कंपन्यांतील नोकरदारांसाठी शेक्सपिअरचे वर्ग चालविले जातात. त्यांना व्यवस्थापनकौशल्य शिकवावे असा हेतू असतो. जेफ्री ती पुस्तिका बाजूला ठेवतो आणि एका अगदी सामान्य, संकोची गृहस्थाला मॅकबेथचे पत्नीच्या मृत्यूनंतरचे भाषण म्हणावयास सांगतो. त्याआधी ह्या माणसाने काय काय गमावले आहे एवढेच त्याला समजावून देतो. तो गृहस्थ ते म्हणतो. अभिनय करीत नाही, म्हणतो. खोली स्तब्ध होते. ज्याला नाटकातले काही कळत नाही अशा माणसाच्या तोंडी त्या ओळी खऱ्या होतात, हे पाहून ज्यांना नाटकातले सारे कळते अशा आपल्यासारख्यांनी अंतर्मुख व्हावे अशी ही योजना आहे. पुढील वर्षी लेखकाने वर्गात टीपा सांगण्यापूर्वी एका विद्यार्थ्याला उभे करून तेच भाषण वाचावयास सांगितले. वाचन अडखळत झाले, उच्चार चुकले. परंतु त्या तासाला घड्याळाकडे कोणी पाहिले नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हा आनंद प्रयोगाचा नाही, तालमीचा आहे. आपल्या समीक्षेत पुनःप्रत्ययाच्या आनंदाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यात अनुभव एकदा घडून गेलेला असतो आणि कलाकृती तो पुन्हा आणून देते. तालमीत प्रत्यय अजून यावयाचा असतो. शब्द आहेत, माणसे आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही घडेल अशी आशा आहे. ह्या आशेचा आस्वाद हा एक स्वतंत्र आस्वाद आहे, आणि ह्या मालिकेने तो पुरेपूर दिला आहे.

४

येथे आपल्या परंपरेतील एका विचाराचे स्मरण होते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाची सिद्धी आणि तिच्या आड येणारे घात ह्यांचा विचार केला आहे. घात दैवी असतात. नटाच्या स्वतःच्या दोषातून उद्भवणारे, म्हणजे आत्मसमुत्थ असतात. आणि दुसऱ्यांनी घडवून आणलेले, म्हणजे परसमुत्थही असतात. पाऊस, वारा, आग ह्यांपासून शब्द विसरणे, अलंकार गळून पडणे, प्रतिस्पर्ध्यांनी गोंगाट करणे इथपर्यंतच्या विघ्नांची भरताने नोंद केली आहे. सर्वस्वी निर्दोष असा प्रयोग असत नाही, असेही तो समंजसपणे सांगतो. रसविचाराच्या मानाने हा भाग आपल्याकडे दुर्लक्षित राहिला. कारण रस हा प्रेक्षकाच्या चिंतनाचा विषय आणि घात हा नाटकवाल्याच्या काळजीचा. ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ ही घातांच्या बाजूने सांगितलेली नाट्यकथा आहे. तिच्या लेखकांनी भरत वाचला असेल असे सुचवावयाचे नाही. नाटक मंडळीचे जीवन आतून पाहणारा कोणीही ह्याच वर्गीकरणापाशी येतो, एवढेच म्हणावयाचे आहे.

पहिल्या पर्वातील मुख्य घात आत्मसमुत्थ आहे : जॅकचे भय, जेफ्रीची विदीर्ण स्मृती. दुसऱ्या पर्वात, ‘मॅकबेथ’च्या वेळी, परसमुत्थ घात पुढे येतात. महोत्सवाचे वर्गणीदार प्रेक्षक वृद्ध होत चालले आहेत; तरुण यावेत म्हणून व्यवस्थापक रिचर्ड एका जाहिरात-संस्थेला पाचारण करतो. ती संस्था जुन्या प्रेक्षकांचा उपमर्द करणारी भित्तिपत्रके लावते, आणि तिचा प्रमुख शेवटी तोतया निघतो. गंमत अशी की ती जाहिरात यशस्वी होते. येथे मालिका सोपा न्याय देत नाही. भामट्याच्या हातून आलेला प्रेक्षक हा तितकाच खरा प्रेक्षक असतो, ही अडचणीची गोष्ट ती तशीच राहू देते.

ह्या पर्वातील खरा संघर्ष मात्र हेन्री ब्रीडलव्ह ह्या कसलेल्या नटाशी आहे. त्याने मॅकबेथ पूर्वी केलेला आहे. त्याचा आवाज, त्याची चाल, त्याचे विराम सारे सिद्ध आहे. आणि म्हणूनच त्याचा मॅकबेथ कशालाही भीत नाही. जेफ्री त्याला दूर करून बदली नटाला उभे करतो. आयुष्यभर दुय्यम कामे केलेला हा साधा माणूस घाबरत, सहकाऱ्यांच्या डोळ्यांचा आधार घेत भूमिका निभावतो, आणि त्या रात्री ‘मॅकबेथ’ जिवंत होते. पुढे हेन्रीला परत आणावे लागते. तेव्हा जेफ्री इतर नटांना आणि तंत्रज्ञांना विश्वासात घेऊन त्याच्या नकळत हालचाली व प्रकाशयोजना बदलून टाकतो. प्रयोग चालू असताना हेन्रीला पुढची पायरी कोठे आहे हे कळेनासे होते. त्याच्या डोळ्यांत प्रथमच भय दिसते, आणि मॅकबेथच्याही.

हा मालिकेतील सर्वांत थरारक आणि सर्वांत शंकास्पद प्रसंग होय. दिग्दर्शकाने स्वतःच घात निर्माण करून त्यातून सिद्धी काढावी काय? फसवून मिळविलेले भय ही अभिनयाची कमाई, की नटाची विटंबना? हेन्रीने आयुष्य वेचून मिळविलेले कौशल्य येथे केवळ अडथळा म्हणून दाखविले आहे. ज्या रंगभूमीवर नट एकच भूमिका शेकडो रात्री करतो तिला हे पटणार नाही. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तील हॅम्लेटसाठी पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहिले, त्यांच्यासारख्यांच्या साधनेचा विचार करता पुनरावृत्ती म्हणजे मरण, हे समीकरण फार घाईचे वाटते. पुनरावृत्तीतूनही शब्द कमावता येतो. पण मालिकेच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की जेफ्रीचा मार्ग निर्विवाद आहे असे तिने कोठेही म्हटलेले नाही. तो यशस्वी होतो, एवढेच ती दाखविते.

५

तिसरे पर्व ‘किंग लिअर’चे. येथील घात दैवी आहे, आणि त्यावर उपाय नाही. चार्ल्स किंगमन हा वृद्ध नट लिअर करावयास येतो. त्याला कर्करोग आहे, वेदना सोसण्यासाठी तो चोरून हेरॉइन घेत आहे, आणि मरण्यापूर्वी ही भूमिका करावयाची एवढीच त्याची इच्छा आहे. जेफ्री हे गुपित मंडळीपासून लपवितो. प्रयोग लांबणीवर पडतो. मोठा रंगमंच ‘ईस्ट हेस्टिंग्ज’ ह्या संगीतकाकडे जातो, आणि लिअर लहान नाट्यगृहात ढकलला जातो. ईस्ट हेस्टिंग्ज हा व्हँकूव्हरमधील मादक द्रव्यांच्या व्यसनासाठी कुप्रसिद्ध असलेला रस्ता. एका नाट्यगृहात हेरॉइनवर गाणी गाऊन टाळ्या घेतल्या जात आहेत. दुसऱ्यात एक म्हातारा तेच द्रव्य टोचून घेऊन शब्द आठवीत आहे. हा विरोध मालिका उच्चारून दाखवीत नाही, हे तिच्या संयमाचे लक्षण होय.

चार्ल्सची भूमिका विल्यम हट ह्यांनी केली आहे. १९२० साली जन्मलेले हट हे १९५३ च्या पहिल्या तंबूतील हंगामापासून स्ट्रॅटफर्डशी जोडलेले होते. लिअर त्यांनी अनेकदा केला होता. २००५ साली ‘टेम्पेस्ट’मधील प्रॉस्पेरो करून त्यांनी तेथील रंगमंचाचा निरोप घेतला. हे पर्व २००६ साली दाखविले गेले, आणि जून २००७ मध्ये हट ह्यांचे निधन झाले. पात्र आणि नट ह्यांतील अंतर इतके कमी झालेले असता करुणेचा अतिरेक सहज झाला असता. तो टळला, कारण चार्ल्स हा केविलवाणा नाही; तो क्रूर आहे. कॉर्डेलिया करणाऱ्या तरुण नटीचा तो तालमीत पाणउतारा करतो, मंडळीला वेठीस धरतो, कधी शब्द विसरतो आणि दोष दुसऱ्याला देतो. लिअर काय आहे हे त्याला कळण्यापूर्वी तो लिअर झालेला आहे. राजाला जसे आपण कोण आहोत ते वादळात कळते, तसे ह्याला ते अखेरच्या प्रयोगात कळते.

मराठी वाचकाला येथे ‘नटसम्राट’ आठवल्यावाचून राहणार नाही. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली डॉ. श्रीराम लागू ह्यांच्या प्रमुख भूमिकेसह रंगभूमीवर आले. त्याच्यावरही लिअरची छाया आहे. परंतु दोन्ही कृतींची दिशा उलट आहे. अप्पासाहेब बेलवलकर रंगभूमीचा निरोप घेऊन घरी येतात आणि घरात त्यांना लिअरचे प्राक्तन भोगावे लागते. पाठ असलेली भाषणे त्यांच्या ओठांवर येतात ती घर हरवलेल्या माणसाची भाषा होऊन. चार्ल्स किंगमनला घर असे नाहीच. त्याच्याजवळ वाटून देण्यासारखे राज्य नाही आणि ते हिरावून घेणारी मुलेही नाहीत. तो मरणाच्या दारातून रंगभूमीवर परत येतो. बेलवलकरांना नाटकाने जीवनात गाठले, किंगमन जीवनातून निसटून नाटकात पोहोचतो. पहिल्या कृतीचे दुःख कुटुंबाचे आहे, दुसरीचे मंडळीचे. ह्या फरकामागे दोन समाजांच्या जिव्हाळ्याची केंद्रे आहेत.

शेवटी महोत्सव लिअरचा प्रयोग रद्द करतो. मंडळी नोकरीवर पाणी सोडून, गावातील एका चर्चच्या सभागृहात, नेपथ्याशिवाय, मोजक्या प्रेक्षकांपुढे तो एकदाच करते. प्रयोगानंतर चार्ल्स मरण पावतो. जेफ्रीचे पद जाते. व्यवस्थापक जिंकतो, मोठे नाट्यगृह दुसऱ्याच्या हाती जाते. एका रात्रीसाठी एवढी किंमत द्यावी काय, असे कोणीही विचारीत नाही. आणि विचारले जात नाही म्हणूनच तो प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उरतो.

६

आता काही आक्षेप. मालिकेचा रंगभूमीविषयीचा पक्ष फार सरळ आहे : संहिता पवित्र, नट तिचा सेवक, आणि कल्पना लढविणारा दिग्दर्शक हास्यास्पद. डॅरन निकल्स हा प्रयोगवादी दिग्दर्शक असाच रंगविला आहे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो प्रेमिकांना एकमेकांना स्पर्श करू देत नाही, त्यांना विचित्र सांगाड्यांत कोंबतो, आणि अखेरीस त्या कोवळ्या शब्दांपुढे नमतो. विनोद उत्तम साधला आहे. परंतु विसाव्या शतकात शेक्सपिअर पुन्हा जिवंत झाला तो धाडसी दिग्दर्शकांमुळेही, हे विसरता येत नाही. खुद्द स्ट्रॅटफर्डचा प्रेक्षकांत घुसलेला रंगमंच ही त्या काळी एक धाडसी कल्पनाच होती. त्याचप्रमाणे संगीतकाविषयीची मालिकेची तुच्छता पुरती प्रामाणिक नाही. व्यवस्थापक रिचर्डला संगीतकाचे खरेखुरे वेड आहे. त्याच्या त्या प्रेमात थोडी अधिक खोल दृष्टी टाकली असती तर तो पैशाचा दास न उरता दुसऱ्या प्रकारचा प्रेमिक ठरला असता, आणि संघर्षाला वजन आले असते.

स्त्रीपात्रांच्या बाबतीत मालिका एकाच ठिकाणी खोल जाते, पण तेथे फार चांगली जाते. एलन पूर्वी ऑफेलिया होती. ह्या खेपेस ती गर्ट्रूड आहे. पंचांगात वर्षे मोजली जातात तशी नटीच्या आयुष्यात ती भूमिकांनी मोजली जातात. ज्या प्रियकरासमोर ती एकदा ऑफेलिया म्हणून मृतवत् पडली होती, तोच आज तिला हॅम्लेटची आई म्हणून उभे कसे राहावे हे सांगत आहे. मार्था बर्न्स ह्यांनी ही गोष्ट कोठेही आक्रोश न करता दाखविली आहे. पॉल ग्रॉस हे त्यांचे प्रत्यक्ष जीवनातील पती. परंतु ही माहिती नसलेल्या प्रेक्षकालाही त्या दोघांच्या भांडणातील जुनी ओळख जाणवते.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र माध्यमाचा आहे. रंगभूमीचे माहात्म्य गाणारी ही कृती आपण घरी बसून पाहतो. चर्चच्या सभागृहातील प्रयोग मोजक्यांनीच पाहिला, ह्याचे आपल्याला अप्रूप वाटते. आणि आपण त्या मोजक्यांत आहोत असा सुखद भ्रमही होतो. वस्तुतः आपण त्यांत नाही. आपल्याला त्यातील वेचे दिसतात, चेहरे जवळून दिसतात, पण लिअरची ती लांबलचक रात्र आपल्याला सोसावी लागत नाही. तालमीचा आस्वाद हा खरा आस्वाद आहे असे वर म्हटले. तो सोपा आस्वाद आहे, हेही कबूल केले पाहिजे. आशेचे सुख प्रयोगाच्या श्रमाशिवाय भोगता येते, हा त्याचा मोह.

७

ह्या मोहाला मालिकेजवळ उत्तर आहे काय? आहे असे वाटते, आणि ते तिच्या अपुरेपणात आहे. तिने एकही नाटक पुरते दाखविले नाही. तिला ते शक्य नव्हते हे खरे. पण अशक्यतेचे तिने गुणात रूपांतर केले. जॅकचे स्वगत सुरू होते आणि दृश्य पालटते. लिअर कॉर्डेलियाला घेऊन येतो आणि आपण विंगेत उभ्या असलेल्यांचे चेहरे पाहतो. प्रत्येक वेळी आपल्या हाती काही उरते, पुष्कळसे सुटते. जे सुटले ते मिळविण्याचा मार्ग एकच : नाटक पुन्हा उघडून वाचणे, आणि कोठे ते होत असेल तर जाऊन पाहणे. मूळ कृतीची जागा घेणारी कलाकृती आपल्याला तृप्त करून सोडते. मूळ कृतीकडे धाडणारी कलाकृती आपल्याला ऋणात ठेवते. ‘स्लिंग्ज अँड अ‍ॅरोज’ ही दुसऱ्या प्रकारची आहे.

लेखकाने आरंभी जो अपराध कबूल केला त्याचेही उत्तर ह्यातच आहे. शब्द निजले होते ते शेक्सपिअरचे नव्हेत. ते ऐकणाराच निजला होता. अध्यापक नाटकाकडे झालेली गोष्ट म्हणून पाहतो; नट त्याच्याकडे आज रात्री व्हावयाची, कदाचित न होणारी गोष्ट म्हणून पाहतो. ह्या दोन दृष्टींत अंतर फार आहे, आणि ते अंतर ओलांडण्यास एका परदेशी मालिकेची मदत व्हावी ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वर्गाची खोली ही तालीमगृहासारखी असू शकते. तेथेही शब्द आहेत, माणसे आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही घडेल किंवा घडणार नाही. घडेल असे धरून दार लावून घेणे, एवढेच अध्यापकाच्या हाती असते.